तिसऱ्या हाकेला

पोह्यांवर तर्री ओतून झाली होती, पहिला घास तोंडाशी आला होता, तेवढ्यात शर्टाच्या खिशातला मोबाईल थरथरला. हेमेंद्र पटलेनं तो डाव्या हातानं काढला. ‘दवनीवाडा केंद्रातून कोणीतरी तुमच्या नावानं आत येत आहे. तुम्हीच आहात का?’ खाली दोन चौकोन, हिरव्यात ‘होय’, लालात ‘नाही’. हेमेंद्र गोंदियाच्या बाजारात छोटेलालच्या टपरीसमोर प्लेट धरून उभा होता, म्हणजे दवनीवाड्यात नव्हता. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. त्यानं लाल चौकोनावर अंगठा टेकवला आणि मोबाईल परत खिशात टाकला. पण घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. छोटेलालनं विचारलं, “क्या साब, तीखा हो गया क्या?” “नहीं रे, बराबर है,” म्हणून त्यानं अर्धी प्लेट तशीच ठेवली आणि स्कूटर काढली. चौकापर्यंत गेला, वळला, परत येऊन टपरीच्या बाकावर काही राहिलं का ते पाहिलं. काही राहिलं नव्हतं. हे असं परत वळून पाहणं त्याला अलीकडे लागलंच होतं.

गंमत म्हणजे तो प्रश्न त्याचा त्यानंच लिहिलेला. संघाच्या गोंदिया कार्यालयात संगणकाचं सगळं खातं हेमेंद्रकडे. संघ म्हणजे धानाचा सहकारी संघ, गावोगावी खरेदीकेंद्रं, दोन गिरण्या आणि मोठं गोदाम. नागपूरच्या कंपनीनं नवी व्यवस्था बसवली तेव्हा मोबाईलवर येणारा प्रश्न इंग्रजीत होता, आणि केंद्रावरच्या माणसांना कळावा म्हणून यानं तो मराठीत केला. अंगठ्याऐवजी पासवर्ड टाकणाऱ्या लोकांना तो रोज यायचा, वैतागून लोक शिव्या घालायचे, आणि हा हसायचा. त्याला स्वतःला आजवर कधी आला नव्हता, कारण तो स्वतः अंगठा ठेवूनच आत शिरायचा, आणि त्याच्या नावानं दुसऱ्या कोणी कुठून शिरायचा प्रयत्नच केला नव्हता. आज पहिल्यांदा कोणीतरी दवनीवाड्यात बसून ‘मी हेमेंद्र’ म्हणालं होतं. नुसतं नाव नाही, पासवर्डही बरोबर टाकला होता, त्याशिवाय प्रश्न येतच नाही. कोण असेल? कार्यालयाचा जिना चढताना त्यानं एकेक तोंड आठवून पाहिलं आणि एकेकाला बाजूला सारलं. सारताना त्याच्या लक्षात आलं, की आपण कोणालाच पुरतं बाजूला सारत नाही आहोत, नुसतं थोडं लांब उभं करतो आहोत.

आधी असं नव्हतं. आधी सगळ्या केंद्रांचा मिळून एकच पासवर्ड होता आणि तो दवनीवाड्याला वजनकाट्याच्या पेटीवर खडूनं लिहिलेला होता. पावसाळ्यात पुसला की हमाल पुन्हा लिहायचे. यायचा जायचा कोणीही संगणकावर बसायचा, एकदा आत शिरला की गोदामापासून गिरणीपर्यंत सगळं त्याला मोकळं. कोणाचं काही गेलं नाही इतक्या वर्षांत. मग मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेचे सगळे पडदे एका सकाळी काळे झाले. कोणीतरी बाहेरचा एका कारकुनाच्या नावानं आत शिरला आणि आतून सगळ्या खोल्यांना कुलपं ठोकून बसला. संचालकांचं धाबं दणाणलं. नागपूरहून सल्लागार आला, पोरसवदाच, गोरा, बोलायला गोड. त्यानं भिंतीवर चित्र टाकून सांगितलं, की आजवर तुम्ही गावाला कोट बांधायचात आणि वेशीच्या आत आला तो आपला म्हणायचात. आता आत-बाहेर असं काही नाहीच. प्रत्येक दारावर विचारायचं, प्रत्येक वेळी विचारायचं, आणि ज्याचं जेवढं काम तेवढंच दार त्याला उघडायचं. वजन करणाऱ्यानं वजन करावं, त्याला गोदाम दिसायची गरज नाही. एक खोली पेटली तर बाकीच्या वाचल्या पाहिजेत. याला म्हणतात झिरो ट्रस्ट. हेमेंद्रनं भाबडेपणानं त्याचं तिथल्या तिथे मराठी करून टाकलं, “म्हणजे कोणावरच विश्वास ठेवायचा नाही.” म्हातारे संचालक केशोराव उठून उभे राहिले. “काऊन जी? आमी का चोर आहोत?” त्यांना समजावता समजावता सल्लागाराचा चहा गार झाला. “नाही काकाजी, चोर नाही,” तो म्हणाला, “पण चोर तुमचं तोंड लावून येतो. तो नेहमी ओळखीच्याच आवाजात येतो.” हे वाक्य हेमेंद्रला फार आवडलं होतं. पुढे प्रत्येक केंद्राच्या प्रशिक्षणात त्यानं ते आपलंच असल्यासारखं वापरलं.

आणि याच सभागृहात, दिवाळीच्या आधी, ते घडलं. तो ते आठवायचं टाळत असे, आणि टाळायचं म्हटलं की हटकून आठवे. सगळ्यांचे अंगठे नोंदवायचे होते. छोटंसं यंत्र, त्यावर अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की झालं. दवनीवाडा केंद्राचे प्रमुख भैयाजी पटले रांगेत होते. भैयाजी म्हणजे हेमेंद्रचे सख्खे काका. बाप गेला तेव्हा हेमेंद्र पाटी-दप्तर घेऊन ज्यांच्या घरी राहायला गेला, ज्यांनी शिकवलं आणि पुढे संघात चिकटवून दिलं, ते काकाजी. त्यांनी अंगठा ठेवला. लाल दिवा. धोतराला पुसून ठेवला. लाल. केसांवरून फिरवून ठेवला, थुंकी लावून ठेवला, दुसरा ठेवला. लाल, लाल. साऱ्या जन्माच्या धानाच्या चुरणी-मळणीनं अंगठ्यावरच्या रेषा गुळगुळीत झालेल्या, यंत्राला काय कळणार? मागे लोक हसायला लागले. हेमेंद्रही हसला आणि म्हणाला, “काकाजी, यंत्र तुमाले ओळखतच नाही, तं मी काय करू?” थट्टाच होती. काकाजींनी मान वर केली. “यंत्राचं सोड. तू ओळखतेस ना मले?” सल्लागार शेजारी उभा होता. सगळं सभागृह ऐकत होतं. आणि हेमेंद्र बोलून गेला, “माझ्या ओळखण्यानं चालत नाही काकाजी आता.” चूक होतं का ते? नव्हतं. नियम तसाच होता. मोबाईलवरून करता आलं असतं, पण काकाजींकडे बटणांचा जुना फोन. काकाजींनी अंगठा धोतराला पुसला, जणू काही घाण लागली होती, आणि निघून गेले. तेव्हापासून त्यांनी फोन केला नव्हता. यानंही केला नाही. आधी वाटलं राग उतरेल, मग कामं, मग धानाचा हंगाम. केंद्राचं काम रिंकी नावाची ऑपरेटर आपल्या अंगठ्यावर चालवत होती, काकाजी नुसते खुर्चीत बसून होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांची नोंद झाली नाही त्यांची नावं काढून टाकायची मुदत आता संपत आली होती.

दुसऱ्यांदा मोबाईल थरथरला तेव्हा तो आपल्या खोलीत पंख्याखाली बसला होता. तोच प्रश्न, तेच दवनीवाडा. या वेळी अंगठा लगेच उठला नाही. त्याच्या पासवर्डात ‘गुलब्या’ होतं, आणि पुढे एक साल. गुलब्या हा काकाजींचा बैल. तांबूस, शांत, शेताच्या तळ्यात, बोडीत, गुडघाभर उतरला की बाहेर यायचं नावच घ्यायचा नाही. हेमेंद्र त्याच्या पाठीवर पडून अभ्यास करायचा. ज्या साली तो विकला, त्या साली हेमेंद्र दोन दिवस जेवला नव्हता. घरच्या जनावराचं नाव पासवर्डाला ठेवू नका, असं प्रत्येक प्रशिक्षणात घसा कोरडा करून सांगणारा हाच! पण त्याच्या मनात गुलब्या जनावर नव्हता, आणि हे जगात कोणाला माहीत असायची शक्यता नव्हती. कोणालाच नव्हती. एक सोडून. तो विचार त्याच्या मनाच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि त्यानं दार लावून घेतलं. ओळखीचं तोंड आठवलं रे आठवलं की सावध व्हायचं, चोराला तेच हवं असतं. त्यानं ‘नाही’ दाबलं. दाबल्यावर उठून खोलीचं दार आतून लावलं आहे का ते पाहिलं. लावलेलं होतं. मग आपण दार कधी लावलं, हेच त्याला आठवेना, आणि तो कितीतरी वेळ कडीकडे पाहत उभा राहिला.

घरीही हे सुरू झालं होतं. रात्री कुलूप लावून झालं की तो परत उठून ते ओढून पाहायचा. खुशी फोनवर हसली की विचारायचा, कोण होतं? मैत्रीण, असं पोरगी म्हणायची. कोणती मैत्रीण? पोरीनं परवा चिडून फोनच त्याच्या हातात दिला, “घ्या, पाहून घ्या,” आणि त्यानं, देवा रे, खरंच पाहिलं. दुर्गेश्वरी तेव्हा तिथे नव्हती, पण तिला कळलं. बायकोला कळत नाही असं काय असतं? ती एवढंच म्हणाली, “घराचं आफिस नका करू जी.” तिला कसं सांगायचं, की हे आपल्याला आवडत नाही, पण पाहिल्याशिवाय चैनही पडत नाही? लहानपणी तो असा नव्हता. लहानपणी त्याला फक्त एका गोष्टीची भीती वाटायची, आणि तिच्यावरचा उताराही काकाजींनीच दिला होता. खळ्यावर धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे रचलेले असायचे, दिवेलागण व्हायची, झाडं काळी पडायची. काकाजी घोंगडं पांघरून बसलेले. “हेमू, अंधार पडल्यावर कोनी तुह्या नावानं आवाज देला, तं ओ देऊ नोको. मी देला तरी नोको. भूत आपल्याच मानसाचा आवाज काढते. पण ते दोनदाच आवाज देते. तिसऱ्यानं देला तं समज, मानूस आहे, आपला आहे. मंग ओ दे.” आणि मग मुद्दाम बोडीकडे जाऊन तिथून हाक मारायचे, हेमू! हा श्वास रोखून गप्प. हेमू! तरी गप्प. तिसऱ्यानं हेमू! आणि हा जीव खाऊन ओरडायचा, ओ काकाजी! तिसऱ्या हाकेनंतरचा तो सुटलेला श्वास त्याला अजून आठवे. आज कशाला आठवला ते मात्र त्याला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

मॅनेजर गजेंद्र बोपचेंनी बोलावलं म्हणून तो त्यांच्या केबिनमध्ये गेला. गजेंद्रसाहेबांच्या टेबलावर नोंद उघडलेलीच होती. “पटले, दवनीवाड्यातून सकाळपासून तुमच्या नावानं दोनदा कोणी शिरून राहिलं. कोण आहे?” “माहीत नाही साहेब.” “माहीत करून घ्या. संध्याकाळपर्यंत नाव पाहिजे मले. तुमच्या नावानं शिरलं म्हणजे सगळ्या केंद्रांच्या चाव्या गेल्या न्.” आणि तेवढ्यात, टेबलावर दोघांच्या मधे पडलेला हेमेंद्रचा मोबाईल तिसऱ्यांदा थरथरला. काचेवरून घों-घों करत थोडा सरकला. गजेंद्रसाहेबांनी वाकून पाहिलं. “तुम्हीच आहात का?” त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि हसले. हेमेंद्रनं अंगठा उचलला. पंख्याचा वारा, साहेबांच्या चष्म्याची दोरी, खिडकीतून येणारा गिरणीचा कोंड्याचा वास, सगळं स्पष्ट होतं. त्या क्षणी त्याला माहीत होतं का? पुढे तो स्वतःला हेच विचारत राहणार होता. माहीत होतं असं म्हणावं तर खोटं होईल, नव्हतं म्हणावं तर त्याहून खोटं. साहेब पाहत होते. त्यानं ‘नाही’ दाबलं. तिसऱ्या नकारानंतर ते केंद्रच आपोआप बंद व्हावं, बाकीची वाचावीत, ही सोय सल्लागारानं करून ठेवली होती. पडद्यावर दवनीवाड्याचा हिरवा ठिपका करडा झाला. “शाब्बास,” गजेंद्रसाहेब म्हणाले, “बरोबर काम करून राहिली न् मशीन.” हेमेंद्रनं खोलीत जाऊन सगळ्यात आधी पासवर्ड बदलला. गुलब्या पुसला आणि त्या जागी यंत्रानं सुचवलेली अक्षरं टाकली, ज्यांना ना शेपूट ना शिंग.

तो स्कूटरवर निघाला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्या, मधे कुठे लाखोळीच्या पिकाचा हिरवा पट्टा, दूर सारसांची जोडी एका बांधीत उभी. त्याला काही दिसत नव्हतं असं नाही, दिसत होतं आणि टिकत नव्हतं. तो मनात वाद घालत होता. समजा खरंच कोणी चोर असता? समजा हिरवं दाबलं असतं आणि उद्या सगळ्या केंद्रांचे पडदे काळे झाले असते, सगळ्या धानाचा हिशेब कुलपात गेला असता? तर मग? तर कोणीही हेच केलं असतं. कोणीही! पण ‘कोणीही’ला ‘हेमू’ म्हणून कोणी हाक मारत नाही. हे कुठून आलं त्याला कळलं नाही, आणि ते आल्यावर स्कूटरचा वेग आपोआप कमी झाला.

केंद्रासमोर धानाच्या कट्ट्यांनी, पोत्यांनी लादलेले ट्रॅक्टर रांगेनं उभे होते. लोक ट्रॉल्यांच्या सावलीत बसून बिड्या ओढत, शिव्या देत होते. काटा बंद होता. आत खुर्ची रिकामी. हमालांचा मुकादम जागेश्वर पायरीवर बसला होता, हेमेंद्रला पाहून तो उठलाही नाही. “आले का बाबू? बंद करून टाकलं न् तुमी.” “भैयाजी कुठे आहेत?” “घरी गेले.” जागेश्वरनं तंबाखू मळत सांगितलं, “रिंकीबाई आज आली नाही. ती माहेरी चिचगडले गेली, तिची माय दवाखान्यात हाय म्हनते. काटा उघडाले कोनाचा अंगठा नाही. भैयाजीनं आपला ठेवून पाहला, लाल. लोक हासून राहिले, बोंबलून राहिले. मी म्हनलो, हेमेंद्रबाबूले फोन करा. तं म्हनते, नाही. फोन नाही करत मी त्याले. मंग संगणकावर बसले, तुमचं नाव टाकलं, पासवर्डाले गुलब्या आन् तो इकला ते साल टाकलं. मी म्हनलो, भैयाजी, हे का करून राहिले? तं म्हनते, फोन नाही करत, पन आवाज तं देऊ शकतो. त्यानंच सांगलं होतं टरेनिंगमधी, माह्या नावानं कोनी शिरलं तं मले इचारते मनून. पयल्यानं तुमचं होय नाही आलं. दुसऱ्यानं नाही आलं. मी म्हनलो, राहू द्या. तं हासले. म्हनते, पयल्या दोनले नाहीच देनार तो ओ. मीच शिकवलो त्याले. तिसऱ्याले पाय, देते का नाही ओ.” जागेश्वरनं तंबाखू तोंडात टाकली. “तिसऱ्यानं तं काटाच बंद पडला बाबू.”

हेमेंद्र रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. लाकूड घासून घासून मऊ झालं होतं. वजनकाट्याच्या पेटीवर जुन्या खडूच्या पासवर्डाची पुसट रेघ अजून होती. मोबाईल वाजला, गजेंद्रसाहेब होते. “नाव कळलं?” “कळलं.” “कोण?” एक क्षण त्याच्या मनात आलं, सांगावं की कळलं नाही, गोंधळ झाला, यंत्राची चूक. पण बाहेर ट्रॅक्टर उभे होते, काटा सुरू करायचा होता, आणि खोटं बोलायचं तर ते कोणत्या नावानं बोलायचं? “भैयाजी पटले,” तो म्हणाला, “माझे काका.” “मग तुम्हीच सांगा पटले, काय करायचं ते.” आणि हेमेंद्रनंच सांगितलं. अंगठा नोंदला नाही, दुसऱ्याच्या नावानं शिरले, नाव काढावं लागेल. “काढा मग.” तिथेच, त्याच खुर्चीजवळ उभं राहून त्यानं ते काढलं. यंत्रानं विचारलं, नक्की? त्यानं ‘होय’ दाबलं. मग केंद्र उघडलं, स्वतःच्या अंगठ्यानं काटा सुरू केला, हिरवा दिवा लागला आणि लोक धडाधड उठले. इतकी वर्षं भैयाजींचं असलेलं केंद्र आता त्यांचं नव्हतं, आणि वजन बरोबर चालू होतं.

उरलेले कट्टे मोजून होईस्तोवर दिवेलागण झाली. काकाजींचं घर गल्लीच्या टोकाला, चिंचेखाली. अंगणात पिवळा बल्ब होता, बाहेर खाटेवर कोणी नव्हतं. दार लोटलेलं. एरवी तो दारात थांबायचा नाही, बोलत बोलतच आत शिरायचा, पहिल्यांदा चुलीकडे जाऊन काय शिजतं ते पाहायचा, आणि रुख्माकाकी म्हणायची, आला का भुक्कड. आज तो अंगणात थांबला. आत जायला आपल्याला कोणाची परवानगी लागते, हे त्याला या वयात पहिल्यांदा वाटलं. “काकाजी,” त्यानं हाक मारली. आत भांडं वाजत होतं, ते थांबलं. उत्तर आलं नाही. त्याला वाटलं, ऐकलं नसेल. मग वाटलं, ऐकलं. “काकाजी!” चिंचेवर काहीतरी फडफडलं. आतून कोणी काही बोललं नाही. हाकेला ओ न येणं हे असं असतं तर! परत जावं, उद्या यावं, फोन करावा. दुर्गेश्वरीला घेऊन यावं. नाही. तो तसाच उभा राहिला, मग सगळा जीव गोळा करून, खळ्यावर ओरडायचा तसा ओरडला, “काकाजी!”

“ओ,” आतून काकाजी म्हणाले.

रुख्माकाकीचा आवाज आला, “कोन आय जी?”

“हेमू.”

“पक्का?”

“तिनदा आवाज देला न् त्यानं,” काकाजी म्हणाले. “हेमूच आय. ये रे, कडी नाही लावली.”

हेमेंद्रनं दारावर हात ठेवला. आत जाऊन त्यांना सांगायचं होतं, नाव आपणच काढलं म्हणून, उद्या सकाळी कार्यालयातून फोन यायच्या आधी. दार हाताला हलकं लागत होतं, नुसतं लोटायचं होतं. तो हात तसाच ठेवून उभा राहिला. आत काकीनं त्याच्यासाठी ताट घेतल्याचा आवाज आला.